टाकीतले पाणी रोज सोडावे

कॉम्प्रेसरच्या बेल्टगार्डवर रिव्हेट मारून बसवलेला किंवा मागच्या भिंतीला चिकटवलेला देखभालीचा तक्ता भोसरीच्या शेडमध्ये असतो, शिरोलीच्या फाउंड्रीत असतो, हायवेवरच्या टायरवाल्याकडेही असतो. तेलकट बोटांनी त्याची निम्मी अक्षरे पुसलेली असतात. रोज, आठवड्याला, महिन्याला, ५०० तासांनी, वर्षातून एकदा असे चार-पाच मथळे आणि त्यांखाली मिळून पंधरा-वीस ओळी. बनवणारी कंपनी बदलली की शब्द थोडे इकडेतिकडे होतात, क्रम बहुतेक तोच राहतो. इतका कसलेला मजकूर यंत्रांविषयीच्या लेखनात मला फारसा भेटलेला नाही. तो ओळीओळीने, थांबत थांबत वाचावा असे फार दिवस मनात होते.

असे वाचन मराठीला परके वाटू नये. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते कारखान्याचे पत्र म्हणून, आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. नांगर आणि कथा एकाच अंकात नांदल्या. तेव्हा कॉम्प्रेसरच्या तक्त्यानेही जरा मानाने समोर बसायला हरकत नाही.

डोळ्यांसमोर यंत्र कोणते आहे तेही सांगतो. ५ अश्वशक्तीची मोटर, आडव्या टाकीवर बसवलेला दोन टप्प्यांचा पिस्टन कॉम्प्रेसर, एक मोठे सिलिंडर, एक लहान, दोहोंच्या मध्ये पंख असलेली इंटरकूलरची नळी आणि जड फ्लायव्हील. टाकी २२० लिटरची. दाब ७ किलोला पोचला की बंद होतो, साडेपाचला उतरला की पुन्हा सुरू होतो. स्क्रू कॉम्प्रेसरचे शास्त्र वेगळे आणि त्याचा तक्ताही वेगळा.

पहिल्या मथळ्याखालची पहिली किंवा दुसरी ओळ असते: टाकीतले पाणी रोज सोडावे. माझ्या मते सबंध तक्त्यातली ही सर्वश्रेष्ठ ओळ. चार शब्दांत सगळे आले, आणि त्यातला ‘रोज’ फार विचारपूर्वक घातलेला आहे. टाकीत कोणी पाणी ओतत नाही. मग ते येते कुठून? पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची हवा ३० अंशांना जवळजवळ भिजलेलीच असते. तिच्या एका घनमीटरमध्ये २५ ते ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ७ किलोपर्यंत दाबली की या हवेचा पसारा आठव्या हिश्श्यावर येतो. तेवढ्या जागेत, ४० अंशांपर्यंत निवल्यावर, जेमतेम सहा-सात ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या वीसेक ग्रॅमचे पाणी होते. आपले यंत्र मिनिटाला १५ घनफूट, म्हणजे सव्वाचारशे लिटर हवा ओढते असे धरा. दिवसातून सहा तास ते लोडवर चालले तर दीडशे घनमीटर हवा आत गेली, आणि टाकीत व पाइपलाइनमध्ये मिळून तीन लिटरच्या आसपास पाणी साठले. एका दिवसात. हा हिशेब समजला की ‘रोज’ या शब्दाचे वजन कळते. आठवडाभर कॉक उघडला नाही तर टाकीत पंधरा-वीस लिटर पाणी डुचमळत असते. हवेला तेवढी जागा कमी पडते, मोटर वारंवार चालू-बंद होऊ लागते, आणि एखाद्या दिवशी ते पाणी हवेबरोबर थेट स्प्रे गनमधून पॅनेलवर उतरते. पावडर कोटिंगवाले या पाण्याला किती घाबरतात ते त्यांना विचारा. भट्टीतून निघालेल्या पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली की ते आधी टाकीकडे धावतात.

हे पाणी सोडताना जवळून पाहण्यासारखे असते. टाकीच्या पोटाखाली हात घालून हेल्पर कॉक अर्धा फिरवतो. आधी येते चहाच्या रंगाचे, तळाशी बसलेला गंज घेऊन. मग पांढुरके, ताकासारखे, कारण त्यात तेल घुसळले गेलेले असते. मग थुंकल्यासारखे तुटक फवारे, आणि शेवटी नुसती हवा. इथे नवीन मुलगा पाणी संपले समजून कॉक बंद करायला जातो. जुना फिटर दुरूनच ओरडतो, “अजून नाही रे पोरा, आवाज कोरडा होऊ दे.” मुलगा “हो मामा” म्हणतो आणि हात मागे घेतो. आणखी काही क्षण जातात, फसफस बारीक होत जाते आणि सरळ, एकसुरी शिट्टीसारखा आवाज लागतो. तो कोरडा आवाज. टाकीच्या आत डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून इथे निकाल कानाने द्यायचा असतो.

त्या पाण्याचा रंग रोज पाहणाऱ्याला पुढच्या महिन्यात काय होणार तेही कळते. तांबूसपणा वाढला तर टाकी आतून खाल्ली जात आहे. ताक वाढले तर पिस्टनच्या रिंगांवरून तेल वर चढते आहे. आणि ऐन जुलैत काहीच निघाले नाही तर समाधान मानू नये, कॉक गाळाने तुंबला आहे. याउलट मे महिन्यात नागपुरात पाणी फारसे निघालेच नाही तर ते रास्त आहे; तिथल्या दुपारच्या हवेत दाबूनही पाणी सुटेल इतकी वाफ जेमतेम असते. पाणी सोडावे कधी, सकाळी की संध्याकाळी, हे बरेच तक्ते सांगत नाहीत. मी सकाळच्या बाजूचा आहे. रात्रभर टाकी निवते, उरलीसुरली वाफ पाणी होऊन तळाशी बसते, आणि टाकीत किलोभर दाब शिल्लक असला की कॉक उघडताच सगळा गाळ त्याच्या जोराने बाहेर पडतो.

क्रमाविषयी बोलायला हवे, कारण तक्त्याची खरी रचना त्यात आहे. वरवर पाहता कामे सोपीपासून अवघडपर्यंत लावलेली दिसतात: रोज कॉक फिरवणे, वर्षाने हेड उतरवणे. पण नीट वाचले तर दिसते की प्रत्येक ओळीची जागा बिघाडाच्या चालीवरून ठरली आहे. पाणी तासाला साठते, म्हणून ते रोज. धूळ आठवड्यात जाळीवर थर धरते, म्हणून सक्शन फिल्टर आठवड्याला. बेल्ट महिन्यात ताणतो, तेल काही शे तासांत काळवंडते, व्हॉल्व्हवर काजळी धरायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि टाकीचा पत्रा झिजायला वर्षे. यंत्राच्या आत एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या गतींचे ऱ्हास चाललेले असतात आणि तक्ता त्या सगळ्यांना एका पानावर त्यांच्या त्यांच्या चालीने मांडतो. लिहिणाऱ्याने शेकडो यंत्रे उघडून पाहिल्याशिवाय ही मांडणी साधत नाही.

तेलाची ओळ छोटी असते: काचेत पातळी मध्यावर असावी. कमी नको हे कोणालाही पटते. जास्त का नको, हे त्या ओळीत लिहिलेले नसते. त्याचे उत्तर खूप खाली, हेड उतरवण्याच्या ओळीत सापडते. या यंत्रात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली एक बोट असते, ते दर फेरीला तेलात बुडते आणि तेल उडवते. पातळी वाढली की उडणे वाढते, जादा तेल रिंगांवरून वर जाते आणि तापलेल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हवर जळते. म्हणजे सकाळी पावशेर तेल जास्त ओतण्याचा परिणाम वर्षाअखेर व्हॉल्व्हवरच्या काजळीत मोजता येतो. एकमेकांपासून इतक्या दूर ठेवलेल्या दोन ओळी अशा जुळल्या की मला मनापासून आनंद होतो.

‘फक्त कॉम्प्रेसर ऑइल वापरावे’ या ओळीकडेही लोक दुर्लक्ष करतात आणि घरात असलेले इंजिन ऑइल ओततात. इंजिन ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी द्रव्ये असतात, कारण इंजिनाला तो मळ गाळणारा फिल्टर असतो. उडवणीवर चालणाऱ्या या छोट्या कॉम्प्रेसरला तेलाचा फिल्टर नाही. इथे पाणी आणि मळ तळाशी बसावेत आणि तेल बदलताना निघून जावेत, एवढीच सोय आहे. तेलाने त्यांना धरूनच ठेवले तर ते फेरीगणिक बेअरिंगवर जातात. काचेत दुधट रंग दिसला तर पाणी शिरले समजावे. आणि गंमत वाटेल अशी खरी गोष्ट म्हणजे हे कमी चालणाऱ्या यंत्रात जास्त होते: दोन-दोन मिनिटे चालून बंद होणारा कॉम्प्रेसर पुरता तापतच नाही, त्यामुळे क्रँककेसमधली वाफ उडून जात नाही. गरजेपेक्षा मोठा कॉम्प्रेसर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बेल्टची ओळ मी पटकन ओलांडतो. अंगठ्याने मध्यावर दाबून पाहावा, बेताने झुकला पाहिजे; बदलायचे तर जोडीतले सगळे एकदम, नाहीतर नवा एकटाच भार ओढतो; दोन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरी लावून सरळ रेष बघावी. बस.

फ्लायव्हीलवरच्या बाणाबद्दल मात्र थांबतो. तक्ता एवढेच म्हणतो की फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे असावी. या फ्लायव्हीलचे आरे पंख्याच्या पात्यांसारखे वळवलेले असतात. फिरता फिरता ते सिलिंडरच्या पंखांवर आणि इंटरकूलरवर वारा घालतात. कधी लाइटच्या कामात मोटरचे दोन फेज अदलाबदल झाले की चाक उलटे फिरते. पिस्टनला त्याचे काही वाटत नाही, तो पूर्वीइतकीच हवा बनवतो. गेज बरोबर, आवाज बरोबर. फक्त वारा उलट्या दिशेला जातो आणि यंत्र आतल्या आत भाजत राहते. जे कोणत्याही काट्यावर दिसत नाही त्यासाठी तक्त्यात एक ओळ राखून ठेवलेली आहे.

भाजणे म्हणजे किती? ३० अंशांची हवा एकाच टप्प्यात, अजिबात न निवता ७ किलोला नेली तर गणिताने ती पावणेतीनशे अंशांपर्यंत तापते. दोन टप्पे करून मध्ये तिला पुन्हा ३० अंशांवर आणता आले तर प्रत्येक टप्प्याला १३५ अंशांच्या आसपास थांबते. प्रत्यक्ष आकडे यांच्या मधे कुठेतरी असतात. त्या मधल्या नळीच्या पंखांवर इचलकरंजीत सुताचा कापूस बसतो, फाउंड्रीत बारीक वाळू बसते, आणि दोन टप्प्यांचे यंत्र हळूहळू एका टप्प्याच्या तापमानाकडे सरकते. ‘इंटरकूलर स्वच्छ ठेवावा’ हे वाक्य वाचताना झाडलोटीचे काम वाटते. त्याच्यामागे हे शंभरेक अंश आहेत.

आता वर्षातून एकदाची ओळ: हेड उतरवून व्हॉल्व्ह साफ करावेत. आमच्या भागातल्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये हे काम खंडेनवमीच्या आधी निघते, कारण दसऱ्याला यंत्राची पूजा व्हायची असते. पावसाळ्याचा ओला हंगाम नुकताच संपलेला असतो, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीनेही तो मुहूर्त अचूक आहे.

हेड निघाल्यावर व्हॉल्व्ह प्लेट वर्तमानपत्रावर ठेवतात. सक्शनच्या बाजूला पोलाद स्वच्छ, थोडेसे सोनेरी. उलटी केली की डिलिव्हरीची बाजू काळी, कडक पापुद्र्याने भरलेली. एकाच प्लेटच्या दोन बाजूंना दोन ऋतू. या व्हॉल्व्हना उघडायला इंजिनासारखा कॅम नाही, दांडा नाही, काही नाही. पोलादाची पातळ पट्टी, अलीकडे-पलीकडे दाब बदलला की ती उचलली जाते, फरक संपला की बसते. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या तर सहा तासांत तीन लाखांहून जास्त वेळा. हवाच तिला उघडते आणि हवाच बंद करते. इतकी साधी, इतकी निर्भर रचना यंत्रशास्त्रात फार थोड्या ठिकाणी आहे.

पट्टीखाली काजळीचा एक कण अडकला की ती पुरती बसत नाही. मग दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते, पुन्हा दाबली जाते, आणखी तापते, आणखी तेल जाळते, आणखी काजळी करते. बिघाड स्वतःला खाऊ घालत वाढतो. काजळीचा थर फार जाड झाला तर डिलिव्हरी पाइपमध्ये ती पेट घेऊ शकते, म्हणून ही ओळ सुरक्षिततेचीसुद्धा आहे. रॉकेलमध्ये भिजवून पितळी पट्टीने किंवा लाकडी काडीने खरवडायचे. पोलादी पात्याने नाही, कारण बसण्याच्या जागेवर एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. नंतर रॉकेलचा वाससुद्धा राहणार नाही इतके कोरडे करूनच बसवायचे. सिलिंडरमध्ये, टाकीत किंवा सक्शनमध्ये पेट्रोल-रॉकेल घालून धुण्याचा उद्योग कधीही करू नये. दाबलेल्या गरम हवेत ती वाफ भडकते. गॅस्केट दरवेळी नवे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत कसायचे.

सेफ्टी व्हॉल्व्हची ओळ छोटी आणि गंभीर आहे: रिंग ओढून हवा सुटते ना पाहावे. प्रेशर स्विचने दगा दिला तर टाकी आणि माणूस यांच्यामध्ये एवढीच वस्तू उरते. गंजाने तो चिकटतो. त्याहून वाईट म्हणजे दसऱ्याच्या रंगरंगोटीत टाकीबरोबर तोही रंगवला जातो आणि रंगाने जाम होतो. रंगाऱ्याला ब्रश देण्याआधी त्यावर कागद गुंडाळावा, ही ओळ तक्त्यात असायला हवी होती.

टाकीच्या चाचणीचे वाक्य बहुधा शेवटचे असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३१ वे कलम दाबाखालच्या यंत्रसामग्रीविषयीच होते, आणि त्याखाली सक्षम व्यक्तीकडून टाकीची तपासणी होत आली. ही चाचणी पाणी भरून करतात. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, पत्रा फाटला की ती एका क्षणात मोकळी होते. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून त्यात ताकदही साठत नाही. टाकी तडकली तरी थोडे पाणी गळते आणि काटा खाली पडतो. वर्षभर ज्या पाण्याला रोज हाकलले तेच इथे राखण करते.

एवढे कौतुक केल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तक्ता महिने आणि तास ओळखतो, ऋतू ओळखत नाही. रत्नागिरीच्या जुलैला आणि सोलापूरच्या एप्रिलला तो एकच आज्ञा देतो. कोकणात पाणी दिवसातून दोनदा सोडावे लागते. फाउंड्रीत फिल्टर आठवड्याची वाट पाहत नाही.

त्याचे कानही अर्धवट आहेत. मोटर बंद होताना प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ असा छोटा आवाज येतो. हेड आणि एनआरव्ही, म्हणजे टाकीतली हवा परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह, यांच्यामधली हवा सुटते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर भाराशिवाय उठते. तो आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. चालूच राहिला तर एनआरव्ही गळतो आहे आणि टाकी उलट्या वाटेने रिकामी होते आहे. रोज ऐकू येणाऱ्या या आवाजाबद्दल मी पाहिलेल्या तक्त्यांत एक अक्षर नाही. तसेच चालू यंत्राच्या सक्शन फिल्टरसमोर कागदाचा कपटा धरावा: तो आत ओढला गेला पाहिजे. मधूनमधून बाहेर फडफडत असेल तर मोठ्या सिलिंडरचा सक्शन व्हॉल्व्ह बसत नाही.

मधल्या दाबाचे गेज इंटरकूलरवर असेल तर त्याच्यासाठीही ओळ हवी. ७ किलोवर चालताना तिथे साधारण २ किलो दिसावेत. त्याहून बरेच वर गेले तर लहान सिलिंडरचे व्हॉल्व्ह हवा परत सोडत आहेत, बरेच खाली आले तर मोठ्या सिलिंडरचे किंवा त्याच्या फिल्टरचे बघा. हेड न उतरवता कोणते हेड उतरवायचे ते कळते.

गळतीबद्दलचे मौन मला सर्वांत खटकते. ७ किलो दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला दहा लिटरच्या आसपास हवा निसटते. आपले यंत्र सेकंदाला सात लिटर बनवते. म्हणजे एवढेसे एक भोक सबंध कॉम्प्रेसर गिळून टाकते. जेवणाच्या सुट्टीत सगळी हत्यारे बंद असताना पाच मिनिटे शेडमध्ये नुसते फिरावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. मोटर मधेच आपोआप सुरू झाली तर ती हवा कोणाच्याही कामाला गेलेली नाही.

आणि एक ओळ मी रंगाच्या पेनाने तक्त्याखाली लिहीन. टाकी पूर्ण रिकामी करून बाहेर जाणारा कॉक बंद करायचा, यंत्र सुरू करायचे आणि ७ किलोला किती वेळ लागला ते लिहायचे. २२० लिटरच्या टाकीत ७ किलो भरायला १,५४० लिटर हवा लागते. मिनिटाला सव्वाचारशे लिटरने साडेतीन-पावणेचार मिनिटे. नवे यंत्र आले त्या दिवशीचा आकडा तारखेसकट लिहावा, दर महिन्याला त्याखाली नवा. फिल्टर तुंबला, रिंग झिजल्या, व्हॉल्व्ह बसेना, बेल्ट घसरला, काहीही झाले तरी तो आकडा वाढतो. पावणेचारचे साडेचार झाले की फिल्टरपासून शोधायला लागावे, पाच झाले की दसऱ्याची वाट न पाहता हेड उतरवावे.